अकराव्याची एक धाव

आमच्या घरात क्रिकेटचा सामना नऊ गडी बाद झाल्यावर सुरू होतो. त्याआधी टीव्ही चालू असतो, पण त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. बाबा पेपर वाचतात, आई भाजी निवडते आणि मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दिवसभर ऐकलेल्या रडकथा विसरायचा प्रयत्न करत असते. नववी विकेट पडली की बाबा पेपरची घडी घालतात, चष्मा पुसतात आणि आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात, "अकरावा आला." मग जो जिथे असेल त्याने तिथे बसायचं आणि सामना संपेपर्यंत जागा सोडायची नाही. आईने गॅस बंद करायचा, कारण कुकरच्या शिट्टीने फलंदाजाचं लक्ष विचलित होतं. फलंदाज ऑस्ट्रेलियात असला तरी हा नियम लागू आहे.

इतर घरांत नेमकं उलटं असतं. नववी विकेट पडली की लोक चहा टाकायला उठतात. बाबांच्या मते ही या समाजाची मोठी चूक आहे. ज्याला बॅटिंग येते तो बॅटिंग करतो, त्यात बघण्यासारखं काय? ज्याला येत नाही, येत नाही हे जगाला माहीत आहे, समोरून ताशी दीडशे किलोमीटर वेगाने चेंडू येणार आहे आणि तरी तो माणूस हेल्मेट घालून बाहेर येतो, त्याला बघायला हवं. आई यावर एकदाच बोलली होती. ती म्हणाली, "अहो, शेपटाचं एवढं वेड असेल तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसा. तिथे सकाळपासून दाखवतात."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, आईवडिलांबरोबर कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे मध्येच कोणी विचारायला नको. भाऊबहीण नाहीत. त्यामुळे बाबांचं हे सगळं शास्त्र वारसाहक्काने माझ्याकडे आलं.

हे शास्त्र साधं नाही. जगातल्या वाईट फलंदाजांचे बाबांनी प्रकार पाडलेले आहेत. एक प्रकार स्टंप सोडून लेगला सरकत जातो, इतका, की तो बाजूच्या अंपायरची चौकशी करायला निघालाय असं वाटावं. दुसरा बाद झाल्यावर जो फटका मारायचा राहिला तो हवेत अतिशय सुंदर मारून दाखवतो आणि मग पॅव्हेलियनकडे वळतो. तिसरा खेळपट्टी ठोकत बसतो, जणू काही सगळा दोष तिथल्या मातीचा आहे. चौथा प्रकार बाबांचा सर्वांत लाडका. हे लोक शेवटपर्यंत नाबाद राहतात, शून्यावर. समोरचा चांगला फलंदाज बाद होतो आणि हे बॅट काखेत मारून परततात. जगात असेही गोलंदाज होऊन गेले, ज्यांनी धावांपेक्षा जास्त बळी घेतले. त्यांच्यातला एखादा चुकून चौकार मारतो आणि सगळं मैदान उभं राहतं. शतकवीराला अशी टाळी मिळत नाही, असं बाबा सांगतात आणि तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलतो.

बदलणारच. बाबा स्वतः अकरावे. टेलिफोन खात्याच्या संघातून ते बावीस वर्षं खेळले आणि बावीस वर्षांत त्यांच्या बॅटमधून एकही धाव निघाली नाही. एकही. एवढ्या वर्षांत चुकून कड लागून तरी एखादी निघायला हवी होती, पण नाही. तरी त्यांना संघातून कोणी काढलं नाही, याचं एक कारण म्हणजे ते खाली राहणारे फिरकी चेंडू टाकत आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे खात्याची किट बॅग आमच्या घरी असे. बाबा आले नाहीत तर बॅट, पॅड, स्टंप काहीच यायचं नाही.

धाव का निघाली नाही, याबद्दल बाबांचं म्हणणं असं, की ते कसबा पेठेत वाढले आणि त्यांची गल्ली इतकी अरुंद होती की बॅट डावीउजवीकडे फिरवली तर एका बाजूला कुंभाराची मडकी आणि दुसऱ्या बाजूला शिंप्याची काच. म्हणून हात मोकळा झालाच नाही. आईचं म्हणणं वेगळं. लग्नानंतर तिने त्यांचा एकच सामना पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, "अहो, तुमचे डोळे मिटतात." बाबा म्हणाले, मिटत नाहीत, एकाग्र होतात. हा वाद पन्नास वर्षं चालू होता.

आमच्या सोसायटीत दर जानेवारीत विंग विरुद्ध विंग अशी स्पर्धा होते. जागा म्हणजे दोन इमारतींमधलं पार्किंग, चेंडू टेनिसचा, संघ आठ जणांचा, षटकं सहा. तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत एका बाईंनी विचारलं, की पार्किंग जर सगळ्यांचं आहे तर खेळ फक्त तिशीतल्या पुरुषांचाच का. प्रश्न बरोबर होता, त्यामुळे सभेत सगळे अहवालाची पानं चाळू लागले. शेवटी असं ठरलं की प्रत्येक संघात एक महिला आणि सत्तरीच्या पुढचे एक ज्येष्ठ नागरिक असलेच पाहिजेत. ए विंगमधून ज्येष्ठ म्हणून बाबांनी सभेतच हात वर केला. आणि महिला म्हणून माझाही. माझा हात त्यांनी धरून वर केला, हे इतिवृत्तात आलेलं नाही.

बाबा आठव्या क्रमांकावर खेळत, पण स्वतःला अकरावाच म्हणवत. मी सातवी. म्हणजे आमच्या विंगचं शेपूट एकाच फ्लॅटमधून येई.

पहिल्या वर्षी आम्हा दोघांवर वेळच आली नाही. दुसऱ्या वर्षी, म्हणजे मागच्या वर्षी, माझ्यावर आली. सी विंगच्या एका आयटीतल्या तरुणाने टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर माझा त्रिफळा उडाला. मी बॅट हलवली तेव्हा चेंडू स्टंपला लागून परत निघाला होता. लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. ऑफिसातली एक कनिष्ठ सहकारी आमच्याच सोसायटीत राहते, तीही हसली. मी हसत हसत वर आले आणि स्टूल घेऊन घरातले चारही पंखे पुसायला काढले. पंखे पुसण्याचा फायदा असा, की डोळ्यांत धूळ जाते आणि कोणी काही विचारत नाही. संध्याकाळी मी जाहीर केलं, की यापुढे बोलावायला येऊ नका, मी काही विदूषक नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

या वर्षी नियम समितीत बाबा होते. असणारच, कारण मसुदा लिहायला सोसायटीत दुसरं कोणी तयार नसतं. नोटीस बोर्डवर नियमावली लागली, त्यात एक नवीन नियम होता. तो मला पाठ आहे. "नियम क्रमांक नऊ. महिला व ज्येष्ठ नागरिक यांना पहिला चेंडू ट्रायल राहील. सदर चेंडूवर फलंदाज बाद होणार नाही व धावही धरली जाणार नाही." खाली बाबांची सही. लहानपणी गल्लीत खेळताना आपण सगळे जो ट्रायल बॉल घेत होतो, तोच, फक्त सरकारी भाषेत.

मी म्हटलं, वा, म्हातारपणी स्वतःची सोय बघितलीत. बाबा म्हणाले, हो, आता पूर्वीसारखं दिसत नाही. मला ते खरं वाटलं. आणि ट्रायल बॉल मिळणार म्हटल्यावर मीही कुरकुरत पुन्हा नाव दिलं.

नाव द्यायचं आणखी एक कारण होतं. डॉक्टरांनी बाबांचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं होतं, मार्चमध्ये. नंतर फिरायला हरकत नाही म्हणाले, पण पळायचं नाही. बाबा सत्याहत्तर वर्षांचे. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर लिफ्टची वाट बघताना ते मला म्हणाले, "म्हणजे जानेवारी शेवटचा. एक धाव निघाली पाहिजे." मग लिफ्ट आली आणि ते डाव्या गुडघ्याच्या एक्स-रेबद्दल बोलायला लागले. पण मी ते ऐकलं होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीची ते स्वतःच चेष्टा करत आले, ती त्यांना मनापासून हवी होती हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

मग सराव सुरू झाला. जुन्या मोज्यांचा बोळा करून त्याला दोऱ्याने गच्च बांधायचं आणि रात्रीच्या जेवणाआधी पॅसेजमध्ये एकमेकांना टाकायचं. पॅसेज कसबा पेठेपेक्षाही अरुंद. बाबा मला सांगत, शेवटपर्यंत बॉलकडे बघ, बॅट आपोआप येते. मी त्यांना टाकताना त्यांच्याकडे नीट बघत असे. बॅट खाली यायच्या बरोब्बर आधी त्यांचे डोळे मिटत. दर वेळी. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "काय, एकाग्र झाले का?"

सामना सी विंगशीच पडला. हरेल तो बाहेर, त्यामुळे जे काही व्हायचं ते त्याच सकाळी होणार होतं. बाबांनी खात्याचा जुना पांढरा स्वेटर घातला होता. अंपायर म्हणून डी विंगचे दातांचे डॉक्टर होते, तटस्थ आणि स्वभावाने हळवे. दुखलं तर सांगा, असं ते गोलंदाजालासुद्धा म्हणत.

आमचे पाच गडी बाद झाले तेव्हा नऊ धावा हव्या होत्या आणि मी आत गेले. गोलंदाज तोच, आयटीतला. पहिला चेंडू आला आणि माझा मधला स्टंप पडला. अगदी मागच्या वर्षीसारखाच. पण या वेळी कोणी हसायच्या आत डॉक्टर म्हणाले, "ट्रायल." स्टंप पुन्हा उभा केला गेला, मी पुन्हा उभी राहिले आणि मला जाणवलं की आता भीती वाटत नाहीये. जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं आणि ते धरलं जाणार नव्हतं. पुढच्या चेंडूला बॅट लागली. मी एक धाव काढली. सेहेचाळीसाव्या वर्षी एका धावेने माणसाला एवढा आनंद व्हावा हे लिहायला बरं दिसत नाही, पण झाला.

दुसऱ्या बाजूला आमच्या पाचव्या मजल्यावरचे सीए होते. त्यांनी एक चौकार मारला, दोन धावा पळून काढल्या आणि मग जोरात मारायच्या नादात चेंडू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, कोथिंबिरीच्या कुंडीत घातला. गॅलरीत गेला की बाद, हा नियम क्रमांक चार. आता दोन धावा हव्या होत्या, तीन चेंडू होते आणि एकच माणूस उरला होता.

बाबा लिफ्टजवळच्या खुर्चीतून उठले. मी पलीकडच्या टोकाला उभी होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई उभी होती आणि तिने गॅस बंद केला असणार, याबद्दल मला शंका नाही. बाबांना पळायला दुसरा माणूस घ्या म्हणून डॉक्टरांनी सुचवलं. बाबा नको म्हणाले. त्यांनी गार्ड घेतला, मधला, मग जागा पसंत न पडल्यासारखं करून पुन्हा तोच घेतला आणि पार्किंगची फरशी बॅटने दोनदा ठोकली. हा तिसरा प्रकार, मी मनात म्हटलं.

पहिला चेंडू आला. बाबांनी पाय पुढे टाकला, बॅट सरळ आली आणि टप्प असा इतका स्वच्छ आवाज झाला की मला क्षणभर काय झालं तेच कळेना. चेंडू गोलंदाजाच्या बाजूने माझ्या जवळून गेला आणि मागे लावलेल्या स्कूटरींच्या खाली शिरला. मी पळाले. बाबाही पळाले. त्यांचं पळणं म्हणजे एकेक गुडघा समजूत घालून पुढे आणणं, पण ते आले, बॅट टेकवली, आणि मी दुसऱ्या धावेसाठी वळले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "एक पुरे," ते म्हणाले.

सगळी सोसायटी टाळ्या वाजवत होती. सी विंगसुद्धा. आई दोन्ही हात गॅलरीच्या बाहेर काढून टाळ्या वाजवत होती, जे तिने माझ्या पदवीदान समारंभातही केलं नव्हतं. बाबा बॅटवर रेलून दम घेत होते आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

मग मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. सगळ्यांना एकदमच आठवलं असावं, कारण टाळ्या हळूहळू थांबल्या. डॉक्टर अगदी हलक्या आवाजात म्हणाले, की काका, म्हणजे, तसं बघायला गेलं तर तो ट्रायल होता.

गोलंदाज पुढे आला. "काका, चिल, एक रनच आहे. धरू या ना. आमचं काही ऑब्जेक्शन नाही." त्याचा कॅप्टनही हो म्हणाला. आमची विंग तर हो म्हणतच होती. परीक्षा विभागात बसून मी वर्षानुवर्षं लोकांना नियम दाखवते, एका मार्कासाठी आलेल्यांना परत पाठवते. त्या दिवशी मात्र मी सर्वांत मोठ्याने म्हणाले, धरा.

बाबा सरळ उभे राहिले. "नऊ नंबर वाचा," ते डॉक्टरांना म्हणाले. "धावही धरली जाणार नाही, असं आहे." मग ते वळले आणि चालत पलीकडच्या स्टंपकडे निघाले. पळत यायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या दुप्पट वेळ परत जायला लागला. मीही माझ्या टोकाला परत आले. एवढा राग मला क्वचितच आला असेल.

पुढचा चेंडू हळू होता. तो तरुण शहाणा होता, त्याने मुद्दाम हळू टाकला. समोरून मला स्पष्ट दिसलं. बाबांचे डोळे मिटले, बॅट वरून गेली आणि लेगचा स्टंप पडला. आम्ही एका धावेने हरलो.

वर आल्यावर बाबा सोफ्यावर बसले, आईने दोन्ही गुडघ्यांना गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या आणि चहा टाकायला आत गेली. मी मात्र बसू शकत नव्हते. मी येरझाऱ्या घालत बोलत सुटले. बावीस वर्षं वाट बघितलीत, शेवटी निघाली, आणि स्वतःच्याच हाताने पुसून टाकलीत. कोणाची हरकत नव्हती. आणि मुळात हा नियम केला कोणी? कोणी मागितला होता? एवढ्या शहाण्या माणसाला हा नियम कशाला सुचला?

बाबांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "तू पंखे पुसलेस म्हणून."

मी उभीच राहिले.

"तुझ्या आईने आदल्याच आठवड्यात पुसले होते," ते म्हणाले.

वर्षभर घरात कोणी एक शब्द काढला नव्हता. मला वाटत होतं, कळलंच नाही कोणाला. ज्येष्ठ नागरिक हे शब्द त्यांनी नंतर घातले होते, एकट्या महिलांना सूट दिली तर लोक म्हणतील मुलीसाठी केलं. आणि बाद नाही तर धावही नाही असं लिहिलं नसतं, तर समितीने नियम पास केला नसता. हे सगळं त्यांनी मसुद्याच्या चर्चेसारखं सांगितलं, गुडघ्यांवरच्या पिशव्या सारख्या करत. मला रडू आलं आणि या वेळी पुसायला पंखासुद्धा नव्हता. मी एवढंच म्हणू शकले, की बाबा, पण तुमची धाव गेली ना.

"अगं, ती ट्रायल होती म्हणूनच लागली," बाबा म्हणाले. "बाद होणार नाही हे माहीत होतं. म्हणून डोळे उघडे राहिले."

आई चहा घेऊन बाहेर येत होती. ती दारातच थांबली. "म्हणजे एरवी मिटत होते," ती म्हणाली.

"मिटत होते," बाबा म्हणाले.

पन्नास वर्षांचा वाद मिटला, पण आईला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. तिने चहा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी चहाचा एक घोट घेतला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "टेनिसच्या बॉलवर पांढरी रेघ असते, वळणावळणाची. बॉल येताना ती फिरताना दिसते. तुला माहीत होतं?"

मी नाही म्हणाले.